५३-एन क्रमांकाची बाटली

परळला केईएम, टाटा आणि वाडिया या रुग्णालयांच्या परिसरात हाफकिन संस्था आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून लोकलने परळला उपचारांसाठी जाणाऱ्या अनेकांनी तिची पाटी पाहिलेली असते. पोलिओचे डोस आणि सर्पदंशावरचे औषध यांच्याशी हे नाव जोडलेले आहे, एवढेही पुष्कळांना ठाऊक असते. पण ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते ते वाल्देमार हाफकिन वैद्यकीय डॉक्टर नव्हते, ते प्राणिशास्त्राचे पदवीधर होते. ज्या लशीने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्याच लशीच्या एका बाटलीमुळे त्यांना पुढची पाच वर्षे आरोपीसारखी काढावी लागली. त्या बाटलीवर क्रमांक होता ५३-एन.

हाफकिन यांचे चरित्र बहुतेक वेळा लशीची कहाणी म्हणून सांगितले जाते. ती नोंदवहीचीही कहाणी आहे. माणसांची, बाटल्यांची, आजारांची नोंद कशी ठेवायची आणि त्या प्रत्येक नोंदीला ओळख कशी द्यायची, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुनःपुन्हा आला. आज रुग्णालयांची माहिती संगणकावर असते. तिथे प्रत्येक नोंदीची जी एकमेव ओळख असते, तिला संगणकवाले ‘प्रायमरी की’ म्हणतात. शब्द नवा असला तरी गरज जुनी आहे, आणि ती ओळख चुकली तर काय होते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा शोध लावणारे, पुढे नोबेल मिळालेले हेच ते मेचनिकॉव्ह. तो काळ ज्यूंविरुद्धच्या दंगलींचा होता. ज्यू वस्त्यांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते आणि त्यांना अटकही झाली होती. पदवी मिळाली, पण धर्म बदलल्याखेरीज प्राध्यापकपद मिळणार नव्हते. त्यांनी धर्म बदलला नाही. १८८८ साली ते देश सोडून जिनिव्हाला गेले आणि तिथून पॅरिसला.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तेव्हा मेचनिकॉव्ह येऊन दाखल झालेले होते. प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून हाफकिन यांना मिळाले ते सहायक ग्रंथपालाचे काम. दिवसा पुस्तके आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम होता. ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. एकाच शीर्षकाची दोन पुस्तके असतात, एकाच लेखकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतात. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक दिला नाही, तर कोणती प्रत कोणाकडे गेली हे सांगता येत नाही. पुढे याच संस्थेत ते एमिल रू यांचे सहायक झाले.

युरोपात तेव्हा पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरत होती. हाफकिन यांनी तिच्यावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते सुखरूप राहिले. मात्र एका माणसाला लस सोसली म्हणजे ती आजार टाळते असे होत नाही. ते सिद्ध करायला पटकी जिथे दरवर्षी यायची त्या देशात जायला हवे होते. १८९३ च्या वसंतात ते भारतात आले.

कलकत्त्यातील कांठाल बागान या वस्तीत १८९४ साली त्यांना हवी तशी संधी मिळाली. एका तळ्याभोवतीच्या सुमारे २०० लोकांच्या या वस्तीत पटकी सुरू झाली होती. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत जे आणखी आजारी पडले, ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. हे विधान वाचायला सोपे वाटते. पण ते करता येण्यासाठी प्रत्येक आजारी माणसाबद्दल एकच प्रश्न नेमकेपणाने सोडवावा लागतो: याने लस घेतली होती की नाही?

इथे नोंदीचा पहिला नियम येतो. एका कोष्टकात एका माणसाची एकच ओळ हवी, आणि ती ओळ त्याच माणसाची आहे याबद्दल शंका नको. नावावर विसंबले तर हे जमत नाही. एका वस्तीत एकाच नावाच्या चार बायका सापडतात. लिहिणारा साहेब परभाषक असेल तर एकच नाव दोनदा दोन तऱ्हांनी लिहिले जाते. याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. खुद्द हाफकिन यांचेच नाव रशियन कागदांत व्लादिमीर आरोनोविच खाव्किन असे आहे, आणि नंतरच्या कागदांत वाल्देमार मोर्देकाय हाफकिन. संगणकाला ही दोन नावे दिली तर तो निःशंकपणे सांगेल की हे दोन वेगळे गृहस्थ आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि शहर हादरले. लोक मिळेल त्या वाहनाने मुंबई सोडू लागले. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी नेहमीप्रमाणे पहिला डोस स्वतः घेतला. तो पुढे सर्वांना दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा बराच मोठा होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला कैद्यांना लशीबद्दल विचारण्यात आले आणि सुमारे निम्मे तयार झाले. टोचणीच्या दिवशीच ज्यांना आजार जडलेला दिसला त्यांना हिशेबातून वगळले. उरलेल्यांपैकी लस न घेतलेले १७२ होते. त्यांच्यापैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेले १४७ होते. त्यांच्यापैकी दोघांना प्लेग झाला आणि कोणीही दगावले नाही.

तुरुंगाचा हा प्रयोग इतका नेमका का झाला? औषधाइतकेच श्रेय तिथल्या हजेरीला आहे. तुरुंगात प्रत्येक माणूस रोज मोजला जातो. कोणी गावी निघून जात नाही, कोणी पाहुणा म्हणून येत नाही, कोणी दोनदा मोजला जात नाही. बाहेरच्या जगात असे काहीच नसते. मुंबईतून लाखो माणसे पळून गेली होती. लस घेतलेला माणूस कोकणात जाऊन वारला, तर त्याची नोंद मुंबईच्या वहीत येणार कशी?

बाहेरच्या जगात तुरुंगाइतकी शिस्त आणायचा प्रयत्न हाफकिन यांनी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात केला. फेब्रुवारी १८९८ मध्ये गाव प्लेगने पोळत होते. गावकऱ्यांना घराघरांप्रमाणे रांगेने उभे करण्यात आले. हाफकिन एकेका कुटुंबापुढे जात आणि त्यातल्या निम्म्या पुरुषांना, निम्म्या बायकांना, निम्म्या मुलांना लस टोचत. एका घरात अशक्त माणूस एका बाजूला गेला, तर दुसऱ्या घरात तसाच माणूस दुसऱ्या बाजूला घेत. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथे लस घेतलेले ७१ जण होते. त्यांतले ८ आजारी पडले आणि ३ वारले. लस न घेतलेले ६४ होते, त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ वारले. घर तेच, पाणी तेच, उंदीर तेच. फरक होता तो टोचणीचा.

उंढेऱ्याच्या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत: घर आणि माणूस. जाणता कारकून त्या एकाच यादीत कोंबत नाही. घरांची यादी वेगळी आणि प्रत्येक घराला एक क्रमांक. माणसांची यादी वेगळी, प्रत्येक माणसाला एक क्रमांक, आणि त्याच्यापुढे तो कोणत्या घरातला तो घरक्रमांक. मग घराचा पत्ता बदलला तर एकाच ठिकाणी खाडाखोड करावी लागते. तोच पत्ता सात माणसांपुढे सात वेळा लिहिला असेल, तर पाच ठिकाणी बदलतो, दोन ठिकाणी राहून जातो, आणि पुढच्या वाचणाऱ्याला एका घराची दोन घरे दिसतात. संगणकावर माहितीची कोष्टके वेगवेगळी का करतात, याचे सगळे कारण एवढ्यात आले.

असे नेटके हिशेब थोडेच होते. १८९८-९९ मध्ये सरकारने नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने लशीने आजार आणि मृत्यू कमी होतात हे मान्य केले. पण हे संरक्षण नेमके किती हे आकड्यात सांगता येत नाही, असेही म्हटले, कारण ठिकठिकाणच्या नोंदी तेवढ्या भरवशाच्या नव्हत्या. लस चांगली होती, पण वह्या कच्च्या होत्या. साथीच्या धांदलीत हे समजण्याजोगे आहे. तरीही लशीवर शंका घेणाऱ्यांना पुढची कित्येक वर्षे बोलायला जागा राहिली, ती या कच्च्या वह्यांमुळे.

दरम्यान काम वाढत गेले. आगाखानांनी स्वतः लस घेऊन आपल्या अनुयायांपुढे उदाहरण ठेवले आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे संचालक झाले. इथून देशभर लस जाऊ लागली. चंबूंमध्ये जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे, तो द्रव बाटल्यांत भरायचा, बूच बसवायचे आणि रवानगी करायची, असे ते काम होते. काचेची प्रत्येक बाटली दिसायला शेजारच्या बाटलीसारखीच. तिला वेगळेपण येते ते तिच्यावरच्या क्रमांकाने. ५३-एन ही अशा बाटल्यांपैकी एक होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. सुमारे आठवड्याने काही जणांचे जबडे आखडू लागले. तो धनुर्वात होता. १९ जणांना तो झाला आणि १९ च्या १९ जण वारले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही. नोंदी पाहिल्या तेव्हा दिसले की ते सगळे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते, ती ५३-एन.

त्या क्रमांकाने काय काम केले ते नीट पाहण्यासारखे आहे. आजच्या भाषेत मांडायचे तर ही दोन कोष्टके झाली. एक बाटल्यांचे: क्रमांक, भरल्याची तारीख, कोणत्या पद्धतीने तयार केली. दुसरे टोचलेल्या माणसांचे: कोण, कुठे, केव्हा, कोणत्या बाटलीतून. दोन्ही कोष्टकांना सांधणारा दुवा म्हणजे बाटलीचा क्रमांक. हा दुवा नसता, तर मुलकोवालात लशीने १०७ पैकी १९ जण मेले एवढेच उरले असते. मग संपूर्ण लसच विषारी ठरली असती आणि ती जिथे जिथे गेली तिथून परत मागवावी लागली असती. क्रमांकामुळे कळले की लस विषारी नव्हती, एक बाटली दूषित झाली होती.

पुढचा प्रश्न होता की ती दूषित झाली कुठे? परळला की मुलकोवालला? मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. हाफकिन यांनी लस लवकर आणि जास्त प्रमाणात तयार व्हावी म्हणून पद्धतीत बदल केला होता. त्यात द्रवात कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी उष्णतेवर भर होता. आयोगाने त्या बदलावर बोट ठेवले आणि दोष बाटली उघडण्यापूर्वीचा, म्हणजे परळचा आहे, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करून बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. देशाबाहेरचा, ज्यू, डॉक्टर नसलेला आणि पदाने इंग्रज डॉक्टरांच्या वर बसलेला हा माणूस तेव्हाच्या वैद्यक खात्यातल्या अनेकांना आधीच खुपत होता. पुढे काहींनी या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रेफस खटल्याशी केली.

हाफकिन युरोपात परतले आणि कागदपत्रे मिळवण्यासाठी, ती पुन्हा तपासली जावीत म्हणून झगडत राहिले. कागद बारकाईने वाचले गेले तेव्हा ५३-एन च्या प्रवासातली शेवटची पायरी पुढे आली. मुलकोवालात बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच. तो चिमटा ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. प्रत्यक्षात तो कार्बोलिकच्या सौम्य पाण्यात हलवून घेतला आणि त्यानेच बूच काढले. दुसरी गोष्ट, बाटली उघडताना तिला घाण वास नव्हता. ती मुंबईत भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढले असते, तर दुर्गंधी लपली नसती. तिसरी गोष्ट, द्रवात आधीपासूनच विष साचलेले असते, तर लक्षणे दिसायला आठवडा लागला नसता. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या. दूषण आले ते बाटली उघडताना.

मलेरियाच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. २९ जुलै १९०७ रोजी रॉस आणि अन्य नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. वर्ष संपण्याआधी हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला आणि त्यांना पुन्हा भारतात नेमणूक मिळाली.

या सगळ्यातून क्रमांकाचे बळ दिसते आणि मर्यादाही दिसते. ५३-एन या क्रमांकाने कोणती बाटली हे चोख सांगितले. पण क्रमांक म्हणजे हकीकत नव्हे. ती बाटली कधी भरली, कधी पोहोचली, कोणी उघडली, कोणत्या चिमट्याने, वास कसा होता, ही प्रत्येक घटना त्या क्रमांकापुढे लिहिली जावी लागते, आणि चौकशी करणाऱ्याने ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागते. आयोगाची नजर परळच्या पानावर खिळली आणि मुलकोवालच्या पानाला वजन मिळाले नाही.

योगायोग असा की त्याच १९०७ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर हे डॉक्टर रुग्णांच्या नोंदींची घडी बसवत होते. थायरॉइडच्या आजारांवरील कामासाठी हे नाव आजही वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. तोवर तिथे प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी असे. एकच रुग्ण तीन डॉक्टरांकडे गेला तर त्याचा आजार तीन वह्यांत विखुरलेला असे. प्लमर यांनी ठरवले की रुग्ण पहिल्यांदा आला की त्याला एक क्रमांक मिळेल आणि तो कितीही वेळा, कोणत्याही विभागात आला तरी सगळे कागद त्याच क्रमांकाखाली एका पाकिटात जातील. आपल्याकडच्या रुग्णालयांतला नोंदणी क्रमांक याच कल्पनेचा वंशज आहे. पुढे १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने माहिती कोष्टकांत कशी मांडावी याचे गणिती शास्त्र लिहिले. प्रत्येक कोष्टकाला प्रायमरी की हवी, हा त्याचाच भाग.

चांगल्या ‘की’चे नियम रुग्णालयात रोज तपासले जातात. ती एकाच नोंदीची हवी. जुळ्या बाळांचे उदाहरण घ्या. आई एक, जन्मतारीख एक, पत्ता एक, मोबाइल क्रमांक एक, आणि नावे अजून ठेवलेलीच नाहीत. त्यांना वेगळे करतो तो मनगटावरच्या पट्टीचा क्रमांक. ती कधीही रिकामी नसावी. अपघातात बेशुद्ध पडलेल्या अनोळखी माणसाला नाव नसते, वय नसते, पण रक्तगट तपासायचा असतो. नाव कळेपर्यंत थांबता येत नाही, क्रमांक मात्र पहिल्या मिनिटाला देता येतो. ती बदलणारी नसावी. लग्नानंतर बाईचे नाव आणि आडनाव बदलते. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की कुटुंब दोन-तीन वर्षे घोडबंदर रोडला राहायला जाते. मोबाइल क्रमांक बदलतो, आणि पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या नोंदी मुलाच्याच मोबाइलवर असतात. म्हणून नाव, पत्ता, मोबाइल ही माहिती ठेवावी जरूर, शोधायला ती उपयोगी पडते, पण ओळख तिच्यावर टांगू नये. आणि एकदा दिलेला क्रमांक, तो रुग्ण हयात नसला तरी, दुसऱ्या कोणाला देऊ नये.

कॉम्प्युटरवाले आणखी एक सावधगिरी सांगतात. क्रमांकातच वॉर्ड, विभाग, आजार असा अर्थ भरू नये. रुग्ण मेडिसिनमधून सर्जरीत गेला की तो अर्थ खोटा ठरतो आणि मग कोणीतरी क्रमांकच बदलायला जातो. बिनअर्थाचा, साधा अनुक्रमांक कंटाळवाणा दिसतो, पण तोच टिकतो.

नियम मोडले की नुकसान दोन तऱ्हांनी होते. दोन माणसांची एक नोंद झाली, तर एकाचे रक्त दुसऱ्याला चढण्याचा धोका. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या, तर पेनिसिलिनची ॲलर्जी पहिल्या केसपेपरवर लिहिलेली राहते आणि दुसऱ्या केसपेपरवर डॉक्टर पेनिसिलिन लिहितात. दोन्ही वेळा डॉक्टरांचे ज्ञान, औषधाची प्रत, परिचारिकेची तत्परता सगळे ठीक असते. फक्त ओळख चुकलेली असते.

हाफकिन यांची पुढची वर्षे कलकत्त्यात गेली. ठपका पुसला गेला, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याच्या संस्थेत लस तयार करण्याची सोय नव्हती आणि माणसांवरच्या चाचण्यांना मुभा नव्हती. पन्नाशीत आलेला, उभ्या आयुष्याचे काम ज्यात आहे त्या कामापासून तोडलेला हा माणूस कागदावरचे संशोधन करत राहिला आणि १९१४ च्या सुमारास निवृत्त होऊन युरोपात परतला. त्यांनी लग्न केले नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १८९९ ची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १९०६ मध्ये मुंबई जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा झाली होती, आता ती हाफकिन संस्था झाली. एकाच वास्तूतील एकाच संस्थेची पाव शतकात तीन नावे. ५३-एन मात्र जुन्या कागदांत आजही ५३-एनच आहे.

त्या १९ माणसांचे मरण आणि हाफकिन यांची वाया गेलेली वर्षे आपल्याला एक साधी सवय लावून गेली तर पुष्कळ झाले. रुग्णालयात गेल्यावर आपण तिथे पूर्वी येऊन गेलो आहोत हे सांगावे, जुना केसपेपर सोबत न्यावा, घाईत नवा काढू नये. सरकारच्या आभा योजनेतला १४ अंकी आरोग्य क्रमांक काढला असेल तर तो द्यावा. रक्त तपासायला दिल्यावर नळीवरच्या चिठ्ठीवर आपलेच नाव आणि क्रमांक आहे ना, हे तिथेच वाचून घ्यावे. रक्त चढवण्यापूर्वी परिचारिका पुन्हा नाव विचारते, मनगटावरची पट्टी पाहते, पिशवीवरचा क्रमांक मोठ्याने वाचते. तेव्हा वैतागू नये. बाळाला लस देताना कार्डावर लशीचा बॅच नंबर लिहायला सांगावा आणि ते कार्ड जपून ठेवावे. बहुतेक वेळा त्या नंबराची गरज कधीच पडत नाही. पण पडली, तर त्याच्या जागी दुसरे काहीही चालत नाही.